टेबलावरचा एसटीएम: ग्रॅफाइटला पैकीच्या पैकी, मॉलिब्डेनम डायसल्फाइडला जपून

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी इथल्या एमएस्सीच्या विभागांत खरेदीची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. टेबलावर मावणारा, साध्या हवेत चालणारा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप (एसटीएम), म्हणजे टोकदार तारेने पृष्ठभागावरचे अणू दाखवणारं यंत्र, घ्यावा का? त्यावर ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड अशा द्विमितीय पदार्थांच्या पृष्ठभागाचं रसायन खरंच दिसतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी आहे आणि ते आम्ही बिनदिक्कत देतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र पदार्थागणिक बदलतं. कोटेशन मागवण्याआधी ते नीट कळलेलं बरं, कारण माहितीपत्रकात सगळे पदार्थ एकाच ओळीत छापलेले असतात.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या यंत्राचं नाही. या वर्गातल्या यंत्रांची बांधणी बरीचशी सारखी असते: दोन हातांत उचलता येईल असं स्कॅनहेड, त्यातच पिएझो (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांब-आखूड होणाऱ्या पदार्थाचा) स्कॅनर, नमुना पुढे सरकवणारी पिएझोवरच चालणारी सोय, वर झाकायला भिंगाचं आवरण, एक कंट्रोलर आणि लॅपटॉपला जोडायची यूएसबी. सोबत ग्रॅफाइटचा नमुना, सोन्याच्या थराचा नमुना, प्लॅटिनम-इरिडियमची ०.२५ मिलिमीटर जाडीची तार, कटर आणि चिमटे येतात. निर्वात टाकी नाही, द्रव हीलियम नाही. अतिनिर्वातात चालणाऱ्या एसटीएमची किंमत कोटींत जाते, हे यंत्र लाखांत बसतं.

गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत हे तंत्र उभं केलं आणि १९८६ चं नोबेल मिळवलं. तत्त्व तेव्हाचंच आहे. टिप, म्हणजे तारेचं टोक, पृष्ठभागाला न टेकता अगदी जवळ आणलं की मधली फट ओलांडून इलेक्ट्रॉनचा बारीक प्रवाह वाहतो, तोच टनेलिंगचा प्रवाह. टिप आणि नमुना यांच्यातलं अंतर एक अँगस्ट्रॉमने वाढलं की स्वच्छ धातूंमध्ये टनेलिंगचा प्रवाह सुमारे ९ पट कमी होतो. टिपच्या टोकाचा एकच अणू बाकीच्यांपेक्षा पुढे असला की जवळजवळ सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो, म्हणून हाताने कापलेल्या तारेनेही अणू दिसतात. त्यामुळे यंत्र कितीही भारी असलं तरी चित्राचा दर्जा ठरतो तो त्या तारेच्या टोकावर.

तार कापण्याचं तंत्र माहितीपुस्तिकेत चार ओळींत उरकलेलं असतं आणि घोडं बहुतेक तिथेच अडतं. कटर, चिमटा आणि पक्कड इथेनॉलने पुसून घ्यावेत. तारेचं एक टोक चपट्या पक्कडीत घट्ट धरावं, कटर तारेला जमेल तितका तिरका लावावा आणि कापत असतानाच कटर तारेच्या दिशेने ओढावा. तार कापली जाण्याऐवजी शेवटच्या क्षणी तुटली पाहिजे. सरळ कापलेलं टोक बोथट होतं आणि त्यावर दोन-तीन उंचवटे राहतात, मग पृष्ठभागावरची प्रत्येक पायरी (थराची कड) चित्रात दुहेरी दिसते. कापलेल्या टोकाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. पुसायचं नाही, टेबलावर ठेवायचंही नाही. तुकडा चिमट्याने मधोमध धरून थेट क्लिपखाली सरकवावा. टंगस्टनची तार स्वस्त पडते आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तिला सुरेख टोक काढता येतं, पण हवेत तिच्यावर ऑक्साइड चढतं. म्हणून हवेतल्या यंत्राला प्लॅटिनम-इरिडियमच घ्यावी. निव्वळ प्लॅटिनम मऊ पडतं, इरिडियममुळे टोक टिकतं.

ग्रॅफाइटवर हे यंत्र शब्दाला जागतं. सेलोटेप नमुन्यावर हलक्या हाताने दाबून एका बाजूने सावकाश उचलली की वरचा थर टेपबरोबर निघून येतो आणि खाली आरशासारखा ताजा पृष्ठभाग मिळतो. सुटलेले पापुद्रे चिमट्याने काढून टाकावेत, नाहीतर टिप त्यांनाच धडकते. नमुना हाताने एक मिलिमीटरपर्यंत आणावा. भिंगातून टिप आणि तिचं नमुन्यातलं प्रतिबिंब दोन्ही दिसतात, त्यांच्यातली फट मिटत आली की पुढचं काम मोटरवर सोपवावं. बायस (टिप आणि नमुना यांच्यातला व्होल्टेज) ५० मिलिव्होल्ट, सेटपॉइंट (राखायचा प्रवाह) १ नॅनोअँपिअर. आधी ३००-४०० नॅनोमीटरचं मोठं चित्र घेऊन पायऱ्या नसलेला सपाट भाग शोधावा, मग थेट ५ नॅनोमीटरवर यावं. ओळीचा वेळ ०.१ सेकंद किंवा त्याहून कमी ठेवावा. संथ स्कॅन केल्यास चित्र पूर्ण व्हायच्या आत नमुना तापमानामुळे सरकलेला असतो.

चित्रात षट्कोनी जाळी दिसेल ही अपेक्षा पुस्तकातल्या आकृतीमुळे तयार होते, पण पडद्यावर त्रिकोणी मांडणीचे ठिपके येतात. ठिपक्यांतलं अंतर ०.२४६ नॅनोमीटर भरतं, शेजारच्या दोन कार्बनमधलं ०.१४२ नव्हे. यंत्रात दोष नसतो. थर एकमेकांवर सरकून रचलेले असल्यामुळे वरच्या थरातल्या निम्म्या अणूंच्या बरोबर खाली अणू असतो, उरलेल्या निम्म्यांच्या खाली नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या अणूंवर फर्मी पातळीजवळ (भरलेल्या अवस्थांच्या वरच्या सीमेजवळ) इलेक्ट्रॉनच्या अवस्था जास्त असतात म्हणून तेवढेच उजळ दिसतात. एसटीएम उंची मोजत नाही, इलेक्ट्रॉनच्या अवस्था मोजतो, हे विद्यार्थ्यांना समजावायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. हे यंत्र घ्यायला एवढं एक कारणही पुरेसं आहे असं आमचं मत आहे. पायरीची उंची मात्र इथे विश्वासाने मोजता येते, कारण दोन्ही बाजूंना तोच पदार्थ असतो. एक थर ०.३३५ नॅनोमीटर. झेड अक्षाचं कॅलिब्रेशन याच पायरीवर तपासावं.

दिसणारे ठिपके अणूच आहेत की विजेची गुणगुण, हे दर वेळी तपासावं. ओळीचा वेळ ०.१ सेकंद असेल तर ५० हर्ट्झचे एका ओळीत ५ पट्टे पडतात, ०.२ केला तर १०. अणूंची संख्या वेळेवर ठरत नाही, स्कॅनच्या रुंदीवर ठरते. जाळीच्या ओळीला धरून ५ नॅनोमीटरमध्ये साधारण २० ठिपके, अडीचमध्ये १०. त्यानंतर स्कॅनचा कोन ३० अंशांनी फिरवावा, जाळीही तेवढीच फिरली पाहिजे. या दोन्हींत पास झालेलं चित्रच वहीत चिकटवावं.

आता खोलीबद्दल, कारण मराठवाड्यात अर्धं परीक्षण खोलीचंच करावं लागतं. पहिला शत्रू कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, प्रयोगशाळेच्या खिडकीत कूलर सुरू असतो आणि त्याच्या पंख्याची थरथर चौकटीतून भिंतीत, भिंतीतून टेबलात उतरते. शिवाय दमट वाऱ्याचा झोत थेट नमुन्यावर येतो. स्प्लिट एसी त्यापेक्षा बरा, पण कॉम्प्रेसर चालू-बंद होताना तापमान करवतीच्या दात्यांसारखं वरखाली होतं आणि चित्र त्याच तालात ताणलं-आकसलं जातं. जमणारा मार्ग असा: सकाळी लवकर खोली थंड करून घ्यावी, यंत्र तासभर आधी सुरू करून ठेवावं, एसी आणि पंखा दोन्ही बंद करून मग अणूंच्या चित्रांना हात घालावा. सरकणं किती आहे ते पाहायला खालून वर आणि वरून खाली घेतलेली लागोपाठची दोन चित्रं शेजारी ठेवावीत. एकात षट्कोन ताणलेला आणि दुसऱ्यात चेपलेला दिसला तर ते तापमानाचं सरकणं आहे. दोन्हींची सरासरी घेतली तरच जाळीचं माप खरं मानावं.

कंपनासाठी महागडं हवेवर तरंगणारं टेबल विकण्याचा आग्रह होतो. या वर्गाच्या स्कॅनरला त्याची गरज सहसा नसते. स्कॅनर लहान आणि ताठ असल्यामुळे त्याची स्वतःची कंपनसंख्या बरीच वर असते, इमारतीची दहा-वीस हर्ट्झची हालचाल टिप आणि नमुना दोघांना एकत्रच हलवते. तळमजल्याची खोली, भिंतीला न टेकलेलं जड टेबल, त्यावर कमी हवेची मोटरसायकलची ट्यूब आणि ट्यूबवर जाड शहाबादी फरशी, एवढ्यावर ग्रॅफाइटचे अणू स्वच्छ दिसतात. इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी फरशी टांगायची असेल तर हिशोब सोपा आहे: वजनाने दोरी २५ सेंटिमीटर ताणली गेली की टांगणीची कंपनसंख्या १ हर्ट्झच्या आसपास येते. दोरी ६ सेंटिमीटरच ताणली गेली तर ती २ हर्ट्झ होते आणि उपयोग कमी होतो. गुरुत्वीय लहरी टिपायच्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा निवडताना जमिनीचा शांतपणा हा मोठा निकष होता. जमीन आपल्या बाजूने आहे. गडबड करतात ते जनरेटर, लिफ्ट आणि जिन्यावरची वर्दळ.

वीज हा खरा डोकेदुखीचा भाग. साधा इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो आणि तिचा किचकिचाट थेट प्रवाहाच्या वाचनात उतरतो. शुद्ध साइन लाट देणारा ऑनलाइन यूपीएस खरेदीच्या यादीतच घालावा. कंट्रोलर, लॅपटॉप आणि यूपीएस एकाच अर्थिंगवर असावेत, लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर चालवावा. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो आणि हिवाळ्यात नितळ येणारी चित्रं मेमध्ये पट्टेरी होतात. दोष यंत्राच्या माथी मारून सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी खड्ड्यात पाणी ओतून पाहावं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरवर २ व्होल्टच्या वर गेला तर आधी इलेक्ट्रिशियन गाठावा.

नमुन्याचा धातूचा दंडगोल पिएझोच्या रुळांवर घसरत पुढे जातो. त्यावर बोटाचा ठसा उमटला किंवा पेरणीआधीच्या दिवसांतली काळ्या रानाची बारीक धूळ बसली की तो जागच्या जागी थरथरत राहतो आणि अप्रोच (नमुना टिपच्या जवळ येणं) पुढे सरकत नाही. दंडगोल नेहमी प्लॅस्टिकच्या टोकाने धरावा, रूळ आणि दंडगोल इथेनॉलच्या ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत. पावसाळ्यात त्यावर गंज चढतो, तेव्हा तो सिलिका जेलच्या डबीत राहू द्यावा आणि निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरावेत.

इथवर सगळं ग्रॅफाइटचं झालं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडपाशी आल्यावर आमचा सूर बदलतो.

नैसर्गिक मॉलिब्डेनाइटचा स्फटिक टेपने सोलला जातो आणि त्याच्या वरच्या थरातल्या गंधकाच्या अणूंची ०.३१६ नॅनोमीटरची जाळी या यंत्रावर दिसू शकते, पण ग्रॅफाइटइतकी सहज नाही. हा अर्धवाहक आहे. जाड स्फटिकात ऊर्जाफट (जिच्यात इलेक्ट्रॉनला अवस्थाच नसतात) सुमारे १.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, एकाच थरात सुमारे १.८. ग्रॅफाइटचे ५० मिलिव्होल्ट इथे लावले तर फटीत प्रवाहच सापडत नाही. फीडबॅक (ठरलेला प्रवाह राखणारी सोय) तो शोधत टिप पुढे ढकलत राहतो आणि टिप पृष्ठभागावर घासते. सुरुवात १ व्होल्टच्या आसपास करावी, सेटपॉइंट ०.३ ते ०.५ नॅनोअँपिअर ठेवावा. बायस टिपला लागतो की नमुन्याला, हे पुस्तिकेत पाहून घ्यावं. या वर्गातल्या काही यंत्रांत तो टिपला लागतो, त्यामुळे शोधनिबंधातलं चिन्ह जसंच्या तसं उचललं तर रिकाम्या अवस्थांऐवजी भरलेल्या अवस्थांचं चित्र मिळतं. स्फटिक चकतीवर नुसता चिकटवू नये. कडेला चांदीच्या पेस्टचा ठिपका देऊन वरच्या थरांपर्यंत संपर्क पोचवावा, कारण थरांच्या आरपार वीज नीट वाहत नाही.

सगळ्यात जास्त टिपा वाया जातात त्या सिलिकॉनवरच्या नमुन्यांवर. रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याचं तंत्र) किंवा ऑप्टिकल मायक्रोस्कोपसाठी ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर उतरवलेले पापुद्रे उत्तम असतात, म्हणून तेच एसटीएमखाली आणले जातात. ऑक्साइड विसंवाहक असल्यामुळे टिप सरळ त्यात घुसते. एकेरी थर पाहायचा असेल तर तो ग्रॅफाइटवर किंवा सोन्यावर हवा. ताज्या सोन्याला गंधक चांगलं धरतं आणि मोठे एकेरी थर मिळतात, पण सोनं हवेत काही मिनिटं उघडं राहिलं तरी ही पकड ढिली होऊ लागते. सोन्याचा थर काढल्याबरोबर पापुद्रा दाबावा.

आता खुद्द रसायन. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये लोकांना रस आहे तो पाण्यातून हायड्रोजन मिळवण्यासाठी. २००७ मध्ये यारामिल्यो आणि सहकाऱ्यांनी सोन्यावर वाढवलेले नॅनोस्फटिक एसटीएमने मोजून दाखवलं की अभिक्रियेचा वेग स्फटिकांच्या क्षेत्रफळाबरोबर नाही, कडांच्या लांबीबरोबर वाढतो. ते नमुने अतिनिर्वातात बनवून पाहिलेले होते. टेबलावरच्या यंत्रात कडा दिसते, पण कडेवर गंधक किती, ऑक्सिजन किती हे सांगता येत नाही. सपाट भागातल्या दोषांचंही तेच. गंधकाची रिकामी जागा म्हणून दाखवला जाणारा काळा ठिपका बऱ्याचदा रिकामा नसतोच. २०१८ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवलं की महिनोन्महिने हवेत राहिलेल्या एकेरी थरात गंधकाच्या जागी ऑक्सिजनचे अणू आपोआप बसतात, आणि त्या जागा हायड्रोजनच्या अभिक्रियेत क्रियाशील ठरतात. रिकामी जागा आणि ऑक्सिजन बसलेली जागा वेगळी ओळखायला कमी तापमानात, स्थिर टिपखाली घेतलेला वर्णपट लागतो. खोलीच्या तापमानाला ही टिप एका अणूवर तेवढा वेळ थांबत नाही. त्यामुळे या यंत्राच्या चित्रावर ‘गंधकाचे दोष मोजले’ असं प्रबंधात लिहू नये. ‘दोषसदृश जागा’ एवढंच लिहिता येतं. त्यापुढच्या कामासाठी देशभरातल्या संशोधन उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या आय-स्टेम पोर्टलवर मोठ्या संस्थांतलं उपकरण शोधून वेळ मागावी.

पृष्ठभागाच्या रसायनाचा एक सुंदर प्रयोग मात्र या यंत्राच्या पूर्ण आवाक्यात आहे आणि विक्रेते त्याचं नावही काढत नाहीत. ट्रायमेसिक आम्लाचं नोनॅनॉइक आम्लात संपृक्त द्रावण करावं, तळाशी उरलेली भुकटी बसू द्यावी आणि वरचा नितळ भाग घ्यावा. ताज्या सोललेल्या ग्रॅफाइटवर त्याचा एक छोटा थेंब ठेवून टिप थेंबातच उतरवावी. नोनॅनॉइक आम्ल वीज वाहत नाही आणि लवकर उडतही नाही, म्हणून टिपवर लेप द्यावा लागत नाही. रेणूंची कार्बॉक्सिलिक टोकं हायड्रोजन बंधांनी जुळून सुमारे १.६ नॅनोमीटरच्या अंतराने पोकळ्या असलेली षट्कोनी जाळी आपोआप तयार होते. बायस १ व्होल्टच्या आसपास, सेटपॉइंट यंत्राला जमेल तितका कमी, ०.१ नॅनोअँपिअर असेल तर उत्तम. बायस उतरवून ५० मिलिव्होल्ट केला की टिप रेणूंच्या खाली जाते आणि ग्रॅफाइटचे अणू दिसतात. त्याच चित्रातल्या ०.२४६ वरून वरच्या जाळीचं माप पक्कं करता येतं. नोनॅनॉइक आम्लाचा वास कपड्यांना चिकटतो, खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर क्लिप इथेनॉलने धुवावी.

प्रवाह-अंतराचा आलेखही घ्यायला लावावा. त्याच्या उतारावरून टनेलिंगच्या अडथळ्याची ऊर्जा (फट ओलांडताना इलेक्ट्रॉनपुढे असलेली भिंत किती उंच) काढली की पुस्तकातल्या ४-५ इलेक्ट्रॉनव्होल्टऐवजी हवेतल्या ग्रॅफाइटवर बऱ्याचदा १ पेक्षाही कमी येते. हिशोब चुकलेला नसतो. टिप आणि नमुना यांच्यात पाण्याचा आणि हायड्रोकार्बनचा थर दाबला जात असतो. ताज्या ग्रॅफाइटवर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन ६४ अंशांच्या आसपास असतो आणि हवेत ठेवल्यावर तो ९० च्या दिशेने चढतो, ते यातल्या हायड्रोकार्बनच्या थरामुळे. पृष्ठभागावर काही नॅनोमीटर रुंदीचे समांतर पट्टे दिसले तर तेही सांभाळून वाचावेत. हवेतून येऊन बसलेल्या लांब साखळीच्या अल्केनची ती नीटनेटकी मांडणी असू शकते.

खरेदी करताना ०.१ नॅनोअँपिअरपर्यंत खाली येणारा सेटपॉइंट आहे का, हे पहिलं विचारावं. त्यावाचून रेणूंचा प्रयोग होत नाही. स्कॅनची कमाल रुंदी ५०० नॅनोमीटर पुरते, त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. तार भरपूर घ्यावी, ग्रॅफाइटचे दोन नमुने घ्यावेत, त्यांतला एक फक्त द्रावणांसाठी राखून ठेवावा. ग्रॅफाइटची सगळ्यात वरची प्रतवारी लागत नाही, झेडवायबी (ZYB) ही मधली प्रत पुरते. वॉरंटीत स्कॅनहेड आणि कंट्रोलर दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख करून घ्यावा आणि दुरुस्तीसाठी यंत्र परदेशी गेलं तर जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं. बसवायला येणाऱ्या माणसाकडून ग्रॅफाइटचे अणू आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलावर, दुपारच्या उन्हात काढून घ्यावेत आणि मगच पोचपावतीवर सही करावी.